टेकूखालची माफी

दोन डोंगरांमधून वाट काढत समुद्राला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठी, होड्या-नावांची डागडुजी करणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. त्यांचे पाळण्यातले नाव तरुणांना ठाऊक नव्हते आणि वृद्धांच्या विस्मरणात गेले होते. सारा गाव त्यांना मेस्त्री म्हणत असे. त्या काठावर सुतार पुष्कळ होते, रंगारी होते, शिडे शिवणारे होते. पण मेस्त्री म्हणावे असे एकच. ही पदवी मागून मिळत नसे, आणि नुसते वय झाले म्हणून तर मुळीच मिळत नसे. त्यांना ती त्यांच्या गुरूंनी दिली होती. आता ती पुढे कोणाला द्यायची, हे त्यांना ठरवायचे होते, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हातही पूर्वीसारखे चालत नव्हते.

त्यांचा एक शिष्य होता, हरेश्वर. शिष्य म्हटले की आपल्या नजरेसमोर हात जोडून बसलेला कोवळा मुलगा उभा राहतो. हा तसा नव्हता. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, हाताने चपळ आणि जिभेने जरा तिखट. मेस्त्रींच्या हाताखाली त्याने उमेदीची सगळी वर्षे घालवली होती, तरी काठावरचे लोक त्याला अजून 'अरे हरेश्वर' अशीच हाक मारीत. एक दिवस आपल्याला कोणी मेस्त्री म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा हाच सर्व दुःखांचा उगम आहे असे सांगणारे वक्ते आपण ऐकतो. मला त्यांचे काही पटत नाही. ज्याला आपल्या कामाचा मान हवासा वाटतो, त्याचे काम निदान पाहण्यासारखे तरी असते.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शहरातला एक व्यापारी आपली शिडाची नौका घेऊन तिथे आला. नौका देखणी होती, पांढरी शुभ्र, उंच डोलकाठीची. परंतु ती पाण्याबाहेर ओढून काढली तेव्हा पाहणाऱ्यांनी नाके मुरडली. बुडाला सर्वत्र शेवाळ लोंबत होते, आणि टणक कवचाचे इवले जीव इतके दाट चिकटले होते की त्यावरून हात फिरवला तर रक्त यावे. व्यापारी म्हणाला, पूर्वी ही नौका वाऱ्यावर उडत असे, आता मेल्यासारखी चालते. मेस्त्रींनी बुडावरून बोटे फिरवली आणि हरेश्वरकडे वळून म्हणाले, "ही नाव तुझी. रंग कुठला, कसा, तूच ठरव. मी मधे बोलणार नाय."

हरेश्वरला या वाक्याचा अर्थ लगेच कळला. काठावरच्या इतरांनाही कळला, आणि त्या संध्याकाळी घरोघर तोच विषय झाला.

आता ज्यांनी नावेचे बूड कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. समुद्रात जे म्हणून स्थिर राहते त्याच्यावर समुद्र आपला संसार थाटतो. तो थाटू नये म्हणून बुडाला विषारी रंग लावतात. या रंगाचे मुख्यतः दोन प्रकार. एक कडक. तो दगडासारखा घट्ट बसतो आणि आतले विष हळूहळू पाण्यात सोडतो. दुसरा झिजणारा. तो साबणाच्या वडीसारखा पाण्याने थोडा थोडा विरतो, आणि विरताना वर बसलेल्या जीवांनाही सोबत घेऊन जातो. व्यापाऱ्याचा एक मित्र परदेशी राहत असे. त्याच्या नौकेला कडक रंग होता आणि ती आरशासारखी स्वच्छ राही, म्हणून व्यापारीही दरवर्षी कडकच रंग लावून घेत असे. हरेश्वरने त्याला विचारले की तुमच्या मित्राची नौका पावसाळ्यात कुठे ठेवतात. व्यापारी हसला. तिकडे पावसाळा कुठला, ती बारा महिने पाण्यातच असते, असे तो म्हणाला.

"तेच तर, शेठ," हरेश्वर म्हणाला. "तुमची नाव चार महिने जमिनीवर झोपते. कडक रंग एकदा कोरडा पडला की आतून मरतो. दिसतो तसाच, पण त्यात जीव नसतो. त्याच्यावर दरवर्षी नवा हात मारायचा, म्हणजे मढ्यावर मढं. तुमच्या मित्राचा रंग त्याच्या पाण्याला बरोबर आहे. आपल्या किनाऱ्याला तो नाय चालत."

व्यापारी समंजस होता. त्याने झिजणाऱ्या रंगाला होकार दिला. बाजूला बसून जाळ्याची दोरी वळणाऱ्या मेस्त्रींनी मान वर केली नाही, परंतु त्यांचे हात क्षणभर थांबले होते. हा कोरड्या पडलेल्या रंगाचा विचार त्यांनी शिष्याला शिकवलेला नव्हता.

रंग निवडणे सोपे, बदलणे कठीण. जुना रंग ठिकठिकाणी पापुद्र्यांनी सुटत चालला होता. त्याच्या भरवशावर नवा लावला असता तर जुना सुटताना नव्यालाही घेऊन सुटला असता. म्हणून हरेश्वरने सगळा जुना रंग काढण्याचे ठरवले. बाहेर पाऊस कोसळत असे आणि शेडखाली हरेश्वर नाकातोंडाला फडके बांधून, नावेच्या पोटाखाली उताणा पडून खरवडत असे. ती भुकटी विषारी, अंगावर पडली की आग होई. वर्षावर्षाचे थर निघत गेले, तांबडा, काळा, पुन्हा तांबडा. दुसऱ्या गोद्यांतले रंगारी येऊन त्याची थट्टा करीत की अरे, नाव रंगवतोस की सोलतोस. तोही त्यांना सोडत नसे. तुमच्या नावा बाहेरून गोऱ्या आणि आतून खरुजलेल्या, असे सुनावून तो पुन्हा कामाला लागे.

शेवटी बूड मूळ रूपात उघडे पडले. मग अस्तराचा हात दिला. त्यावर झिजणाऱ्या रंगाचा पहिला थर त्याने तांबडा लावला आणि वरचे दोन निळे. लोकांनी विचारले, हे दोन रंग कशाला. त्याने सांगितले की निळा झिजून जिथे तांबडे दिसू लागेल, तिथे मालकाला न सांगता कळेल की आता रंगाची वेळ झाली. ही युक्ती काठावर आधी कोणी केली नव्हती. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दिवसापासून थट्टा बंद झाली.

पावसाळा सरला आणि पौर्णिमेच्या उधाणाला नौका पाण्यात सोडायचे ठरले. एवढी जड नौका साध्या भरतीला हलत नाही, तिला उधाणाचेच पाणी लागते. व्यापाऱ्याने शहरातले स्नेही बोलावले, पताका आणल्या, पेढे मागवले. आदल्या दिवशी दुपारी सगळी मंडळी शेडमध्ये जमली. निळे बूड असे झळकत होते की हरेश्वरच्या बायकोने आपल्या शेजारणीला हाताला धरून ते दाखवायला आणले. हरेश्वर मधोमध उभा होता. त्याची छाती अभिमानाने भरून आली होती, आणि का येऊ नये? त्याने खरोखरच चांगले काम केले होते.

एवढ्यात मेस्त्री उठले. त्यांनी दोन गड्यांना बोलावले आणि नौकेला दोन्ही अंगांनी जे लाकडी टेकू लावले होते, त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर नवे टेकू लावायला सांगितले. पाचरी ठोकून ते घट्ट झाले. मग मेस्त्रींनी स्वतः हातोडा घेतला आणि जुने टेकू एकामागून एक ठोकून पाडले. उद्या नौका पाण्यात जायची, आणि हे म्हातारे आज टेकू कशाला बदलतात, हे कोणालाच उमगेना. काहींना वाटले, शिष्याचे कौतुक सहन झाले नाही. मेस्त्री रंगाच्या उपड्या डब्यावर जाऊन बसले.

टेकू पडले तशी त्यांच्या खालची जागा दिसू लागली. निळ्या बुडावर जिथे जिथे टेकू होता, तिथे तिथे भाकरीएवढा जुना तांबडा रंग तसाच होता, कडांनी पापुद्रे सुटलेला.

या जागांना त्या किनाऱ्यावर एक नाव होते. रंगारी त्यांना 'माफी' म्हणत. नाव टेकूवर उभी असते, टेकूखाली ब्रश जात नाही, तेव्हा तेवढी जागा रंगाऱ्याला माफ. कोणत्याही गोदीत, कोणत्याही नावेला ही माफी असेच, आणि तिच्याबद्दल कोणी कोणाला बोल लावीत नसे. हरेश्वरने तेच सांगितले. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "मेस्त्री, ही माफी आहे. सगळेच ठेवतात."

"माफी कोणी दिली रे?" मेस्त्रींनी विचारले. "दर्यानं दिली?"

हरेश्वरला राग आला. एवढ्या लोकांत, एवढ्या मेहनतीनंतर हा प्रश्न. तो म्हणाला, "तुम्हीच दिलीत. हा शब्द मी तुमच्याच तोंडून शिकलो."

मेस्त्रींनी मान हलवली. "होय. माझाच शब्द," ते म्हणाले. "आणि माझ्या काळी तो खरा होता. आम्ही रंगावर रंग चढवायचो. टेकूखाली एक हात कमी बसला तरी खालचा जुना रंग सगळीकडे अखंड असायचा. पुढल्या वर्षी टेकू दुसरीकडे लागायचा आणि जागा भरून निघायची. म्हणून दर्या चालवून घ्यायचा. तू बूड खालपर्यंत सोललंस. मला कधी जमलं नाय ते केलंस. पण आता जुना रंग उरलाय तो एवढाच, आणि त्याला चहूबाजूंनी कड आहे. पाण्याला आत शिरायला कडच लागते. रंग बदललास रे, माफी तेवढी जुनी ठेवलीस."

मग मेस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "शब्द माझा, म्हणून तू त्याच्याखाली वाकून बघितलं नाहीस. तू माझ्यावर टेकला होतास. जिथं टेकतो तिथं रंग पोचत नाय, नावेला नाय आणि माणसालाही नाय. टेकू वाईट नसतो. पण तो हलवायचा असतो."

या बोलण्यावर मला पुष्कळ लिहिता येईल. घर बदलणारे, नोकरी बदलणारे, विचार बदलणारे आपण सगळेच जुन्या घरातली एखादी माफी हळूच सोबत आणतो, आणि ती बापाची किंवा गुरूची आहे म्हणून तिच्याकडे पाहतही नाही. परंतु आता गोष्ट पुढे नेली पाहिजे, कारण हरेश्वर तिथेच उभा आहे आणि सगळे त्याच्याकडे पाहत आहेत.

त्या जागा खरवडून, अस्तर देऊन, तिन्ही थर लावायचे म्हटले तर प्रत्येक हात वाळायला वेळ हवा. उद्याचे उधाण हुकणार, हे उघड होते. पुढचे उधाण अमावास्येला, म्हणजे पंधरवड्याने. व्यापाऱ्याने वाकून तांबड्या जागा पाहिल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. एवढ्याशा जागांनी काय होणार आहे, असे तो म्हणाला. पाण्याखाली कोण पाहायला जाते. त्याने मेस्त्रींना गळ घातली की तुम्हीच सांगा, उद्या सोडायला हरकत नाही. मेस्त्रींनी हरेश्वरकडे बोट दाखवले. "नाव त्याची आहे. तो म्हणेल तसं."

हरेश्वरने एकदा पताकांकडे पाहिले. आपली बायको त्याच्याकडे पाहते आहे हे त्याला जाणवले. उद्या नौका सोडली तर कोणाला काही दिसणार नव्हते. सारा गाव टाळ्या वाजवणार होता आणि बहुधा 'मेस्त्री' ही हाकही त्याच दिवशी कानावर पडणार होती. नाही सोडली तर शहरातल्या पाहुण्यांसमोर त्याच्या कामात खोट निघाल्याचे जाहीर होणार होते.

"उद्या नाय सोडणार, शेठ," तो म्हणाला. "चूक माझी आहे. या जागा मी सोडल्या. अमावास्येला या, तेव्हा नाव तयार मिळेल."

व्यापारी चिडला, आणि त्याचे चिडणे अन्याय्य नव्हते. तुमच्याइतकी घोळ घालणारी गोदी पाहिली नाही, पुढच्या वर्षी नौका दुसरीकडे नेतो, असे बोलून तो पाहुण्यांसह निघून गेला. पेढ्यांचे खोके शेडमध्येच राहिले. बाजूच्या गोद्यांतले रंगारी काही न बोलता पांगले, आणि त्यांच्या न बोलण्यानेच हरेश्वरला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी उधाण आले आणि रिकामेच गेले. हरेश्वर नावेखाली उताणा पडून ते तांबडे तुकडे खरवडत होता. कडेपासून थोडे पलीकडचे निळेही त्याने घासून उतरते केले, म्हणजे जोड बोटाला लागू नये. मेस्त्री जवळच बसून होते. काम करता करता त्याने मनात साठलेले विचारून टाकले, की तुम्हाला हे पहिल्यापासून दिसत होते, तर आधी का नाही सांगितलेत. माझी एवढी शोभा तरी झाली नसती.

मेस्त्री म्हणाले, "आधी सांगितलं असतं, तर मी सांगितलं म्हणून केलं असतंस."

हरेश्वरचा हात थांबला. मग तो पुन्हा खरवडू लागला. मनातला राग पुरता गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी काहीतरी ताठ उभे राहिले होते. काल लोकांसमोर 'नाही' म्हटले ते आपण स्वतः म्हटले, मेस्त्रींनी म्हणायला लावले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले. झळकत्या निळ्या बुडासमोर उभे असताना वाटला होता त्याहून हा अभिमान वेगळा होता. तो कोणाला दाखवण्याजोगा नव्हता आणि दाखवावासाही वाटत नव्हता.

अमावास्येच्या उधाणाला नौका पाण्यात गेली. पताका नव्हत्या, पाहुणे नव्हते. व्यापारी एकटाच आला आणि दोन शब्द बोलून शीड उभारून निघून गेला.

हंगाम सरला. पुढल्या पावसाळ्याच्या आधी तीच पांढरी नौका खाडीत वळताना दिसली. ती ज्या वेगाने आली त्यावरूनच जाणकारांनी ओळखले. तरी ती वर ओढून काढताना सारा काठ जमला, कारण माणसाचे यश पाहण्यापेक्षा त्याची खोट पाहण्याची हौस मोठी असते. पाणी निथळले. बुडावर पातळ बुळबुळीत थर होता, तो ओल्या फडक्याने निघाला. खाली निळा रंग होता. नावेच्या टोकाला आणि सुकाणूच्या कडेला, जिथे पाणी सर्वांत जास्त घासते तिथे, तांबडे नुकते डोकावू लागले होते. जीव एकही चिकटला नव्हता. रंगाऱ्यांनी गेल्या वर्षीच्या टेकूंच्या जागा शोधल्या. ज्यांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या त्यांनाही सापडल्या नाहीत. व्यापारी भेटेल त्याला सांगत होता की असे बूड तुम्हाला साऱ्या किनाऱ्यावर दिसायचे नाही, आणि गेल्या वर्षी हरेश्वरला 'घाई करू नको' असे आपणच बजावले होते, असेही सांगत होता. कोणी त्याला अडवले नाही.

मेस्त्रींना आता फारसे दिसत नव्हते. त्यांनी नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवत नेला. कुठेही ते थांबले नाहीत, कारण हाताला थांबायला काही लागलेच नाही. मग त्यांनी जमिनीवरचा एक टेकू उचलला, खांद्याला लावला, आणि लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "मेस्त्री, टेकू कुठं लावायचा ते सांगा."

हरेश्वरने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. वृद्ध मेस्त्रींनी 'मेस्त्री' अशी हाक मारावी असे त्याच्याशिवाय त्या काठावर कोणी नव्हते. हरेश्वरच्या बायकोने पदर तोंडाला लावला. दोरी ओढणारे गडी हातातली दोरी तशीच धरून उभे राहिले, आणि शेजारच्या गोदीतल्या एका जुन्या रंगाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

हरेश्वर पुढे झाला, वाकला, बुडावर एक जागा बोटाने दाखवली आणि म्हणाला, "इथं लावा. आठवड्यानं हलवू."

वृद्ध मेस्त्रींनी टेकू तिथे लावला आणि पाचर ठोकली.